विज्ञानवर्धिनीची रानवाट

पुण्यात आघारकर संशोधन संस्था गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आहे आणि त्यामुळे होणारा घोटाळा संस्थेच्या पाचवीलाच पुजलेला आहे. अनेकांना ती ‘सुधारक’कारांच्या नावाची संस्था वाटते. ती ज्यांच्या नावाची आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ होते, मालवणचे. १९४६ साली त्यांनी ती काढली तेव्हा तिचे नाव ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ होते, मराठीत महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी. संस्थापकांचे नाव तिला १९९२ साली मिळाले. शेतकऱ्यांना मात्र जुन्या इंग्रजी नावाची आद्याक्षरेच ओळखीची आहेत : एमएसीएस. सोयाबीनच्या आणि गव्हाच्या वाणांच्या नावांत ती आजही आहेत.

त्या वाणांविषयी, एआरआय-५१६ या रसाच्या द्राक्षाविषयी, बुरशींच्या संग्रहाविषयी अधिकाराने लिहिणारे लोक आहेत. या लेखात संस्थेचा रानातला इतिहास तेवढा सांगायचा आहे. या कामाला मोठी यंत्रे लागली नाहीत. लागली ती जुनी वर्तमानपत्रे, मोजपट्टी, एसटीचे वेळापत्रक आणि परक्या गावात जाऊन ओळख काढण्याची हातोटी. तरीही ऐंशी वर्षांत संस्थेतून निघालेले जे काम जगभर सर्वांत दूर पोचले, ते माझ्या मते हेच.

आघारकर १८८४ साली मालवणला जन्मले. जेलीफिश समुद्रात असतो हे मालवणच्या पोराला कोणी शिकवायला नको. पण १९११ च्या सुमारास, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असताना, त्यांना तो सातारा जिल्ह्यातल्या घाटमाथ्याच्या नद्यांत, गोड्या पाण्यात सापडला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले नेल्सन ॲनंडेल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असे नाव दिले. पुढे आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक झाले, उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले आणि पहिल्या महायुद्धात तिथे अडकले. शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून स्थानबद्धताही वाट्याला आली. तरी बर्लिनला ॲडॉल्फ एंग्लर यांच्या हाताखाली डॉक्टरेट पुरी करूनच ते परतले. विषय होता वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या आणि खारट जमिनीतल्या वनस्पती आपले बी दूरवर कसे पोचवतात, हा.

निवृत्त होऊन पुण्याला आले तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर नमुना होता तो महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली कलकत्त्यात काढलेल्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’चा. तिथल्याच प्रयोगशाळेत चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी नोबेलपात्र काम केले होते. तसे काही महाराष्ट्रात हवे, सरकारी खात्याचे नको आणि परीक्षेच्या धबडग्यातल्या कॉलेजचेही नको, हा त्यामागचा विचार. सुरुवातीला जागा मिळाली ती लॉ कॉलेजच्या आवारात. कायद्याच्या इमारतीत सूक्ष्मदर्शक मांडून संस्था सुरू झाली. १९६० साली आघारकर गेले तेव्हा ती बाळसे धरत होती, एवढेच म्हणता येईल.

रानाचे काम खऱ्या अर्थाने उभे राहिले ते वा. द. वर्तकांच्या हातून. वर्तक वर्गीकरणाचे माणूस. वर्गीकरण म्हणजे झाडांना लॅटिन नावे ठेवण्याचा उद्योग, अशी थट्टा इतर शाखांचे लोक करतात. पण नाव पक्के नसेल तर पुढचे सगळे आकडे वाऱ्यावर जातात, हे ज्याने एकदा चुकीच्या नावाने जंगलाची मोजणी केलेली पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. महाराष्ट्रातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कैक पिढ्या थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या ‘फ्लोरा’वर पोसल्या. हे कुक पुण्याच्याच कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. गोव्यासाठी मात्र आधार होता तो १८९८ साली पोर्तुगीज भाषेत निघालेल्या डालगाडो यांच्या गोवा-सावंतवाडीच्या वनस्पतिग्रंथाचा. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि पाचच वर्षांत, १९६६ साली, वर्तकांची गोमंतकातल्या वनस्पतींची सूची संस्थेने प्रसिद्ध केली. मुक्त गोव्याच्या जंगलांची ही सुरुवातीची नोंदवही एका पुणेकर संस्थेने, आणि तीही इतक्या लवकर केली, हे आज गोव्यातही फारसे कोणाला आठवत नाही.

अशी सूची कशी तयार होते हे एकदा जवळून पाहायला हवे. रानात फुलाफळांसह एक डहाळी तोडायची. तिचे पान न् पान उलगडून ती वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायची, एखादे पान मुद्दाम उलटे ठेवायचे, म्हणजे मागची लव आणि शिरा दिसतील. अशा घड्यांची चळत लाकडी प्रेसमध्ये पट्ट्यांनी आवळायची. मुक्कामी पोचल्यावर, अंग कितीही मोडून आले असले तरी, ओला कागद काढून कोरडा घालायचा. हे काम रोज. पावसाळ्यात कोकणात कागद चुलीवर शेकून कोरडे करावे लागतात, नाहीतर दोन दिवसांत बुरशी येते. नमुना वाळला की कीड लागू नये म्हणून त्यावर विषाचा हात फिरवायचा आणि ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड शीटवर तो चिकटवायचा किंवा टाके घालून शिवायचा. मग उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी : नाव, कुल, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक, फुलाचा रंग. रंग लिहायचाच, कारण वाळल्यावर सगळी फुले चहाच्या चोथ्याच्या रंगाची होतात. संस्थेच्या हर्बेरियममध्ये अशा शीटांची कपाटेच्या कपाटे आहेत आणि जगभरच्या हर्बेरियमांच्या सूचीत ते ‘एएचएमए’ या सांकेतिक नावाने नोंदलेले आहे. नव्या विद्यार्थ्याला हे काम कारकुनी वाटते. पण एखाद्या राईत अमुक झाड पन्नास वर्षांपूर्वी होते की नव्हते, हा प्रश्न निघाला की वाद मिटवायला तीच चिठ्ठी उपयोगी पडते.

१९७१ साली माधव गाडगीळ संस्थेत आले. वय तीसच्या आत, हार्वर्डची डॉक्टरेट, विषय गणिती परिसरशास्त्र. अमेरिकेत त्यांचे नाव झालेले होते आणि तिथेच राहिले असते तर कोणाला नवल वाटले नसते. त्यांचे वडील धनंजयराव गाडगीळ हे गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक. घराच्या शेजारी इरावती कर्वे. पुण्याच्या या एवढ्याशा टापूत अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र, भांडारकरांची प्राच्यविद्या आणि विज्ञानवर्धिनी पायी जाण्याच्या अंतरावर नांदत होत्या. देवराईसारखा विषय, ज्यात झाडे, देव, पाणी आणि गावकी एकत्र गुंतलेले असतात, तो इथे सुचावा यात आश्चर्य नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी त्याआधीच, १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात, पुणे परिसरातल्या मातृदेवतांच्या राया पायाखाली घालून त्यांचे धागे शेतीपूर्व काळापर्यंत नेले होते. कोसंबी गणिती, गाडगीळही गणिताच्या वाटेनेच आलेले. रानात सर्वांत जास्त भटकलेली ही दोन माणसे गणिताची असावीत, याची मला नेहमी गंमत वाटते.

वर्तकांना सह्याद्रीतले झाड न् झाड ठाऊक, गाडगीळांना प्रश्न विचारण्याची नवी पद्धत ठाऊक. ही जोडी वेल्हे, मुळशी, मावळ आणि खाली कोकणात हिंडली. देवराई हे नाव आज सगळीकडे रूढ झाले आहे. तेव्हा घाटावर राई किंवा देवाचे रान म्हणत, रत्नागिरीकडे देवरहाटी म्हणत. १९७३ च्या विज्ञान परिषदेत त्यांनी जे पहिले टिपण मांडले त्याच्या शीर्षकात ‘देवराहाटी’ हाच शब्द होता. १९७५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये देवराया राखण्याची विनंती करणारा लेख आला, १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या अमेरिकी नियतकालिकात पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा निबंध आला, आणि १९८१ साली एस. के. जैन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या देवरायांची सूची आली. तीत दोनशेहून अधिक राया होत्या. जगात कुठेही पवित्र वनांवर कोणी प्रबंध लिहायला घेतो तेव्हा संदर्भसूचीत ही जोडनावे येतात.

त्यांनी पाहिले काय? भोवतालचा डोंगर बोडका आणि मध्येच एक गर्द झुबका. आत शिरले की बेहडा, आंबा, जांभूळ, अंजन, पिसा यांचे उंचच उंच बुंधे, त्यांच्यावर चढलेल्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली, खाली पाचोळ्याचा थर आणि बहुतेक ठिकाणी झरा. देव म्हणजे पुष्कळदा छपराविना उघड्यावरचा शेंदूर फासलेला तांदळा. जुने संकेत कडक : राईतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही. या संकेतामुळे, इतरत्र नाहीशी झालेली झाडे इथे टिकली. एका राईत गारंबीचा एकच वेल उरलेला होता. गुराला साप चावला की त्याच्या सालीसाठी लांबलांबच्या गावांतून माणसे तिथे येत. एका वेलावर पंचक्रोशीची भिस्त असणे म्हणजे काय, हे या एका नोंदीतून जितके समजते तितके दहा व्याख्यानांतून समजत नाही.

याच काळात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावचे प्रकरण घडले. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. गावच्या राईवर वनखात्याची तोड यायची होती. देवरायांत रस घेणारे कोणी पुण्यात आहेत हे गावकऱ्यांच्या कानावर गेले आणि त्यांनी मदत मागितली. त्यांचे म्हणणे साधे होते : आमचा ओढा या राईतून निघतो, राई गेली की पाणी जाईल. वर्तक-गाडगीळ गावात गेले, राई पाहिली, खात्यातल्या वरिष्ठांकडे रदबदली केली आणि तोड थांबली. खात्याच्या दृष्टीने देवराई म्हणजे वय उलटून गेलेल्या लाकडाचा साठा होता. त्या काळच्या वनव्यवस्थापनाचा हिशेबच तसा होता. कार्य आयोजनेत जंगलाचे कूप पाडायचे, वर्षाला एक कूप तोडायचा, वाढ मंदावलेले झाड काढून तिथे भराभर वाढणारे लावायचे. तीनशे वर्षांचा बेहडा या हिशेबात अडगळच ठरतो. त्याच्या ढोलीत धनेश पिले वाढवतो, ही नोंद करायला त्या आयोजनेत रकाना नव्हता. खात्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण तेव्हा विद्यापीठांतले वनस्पतिशास्त्रही त्या बेहड्याविषयी याहून वेगळे काही सांगत नव्हते.

घाटावर वेगळीच गत होती. पानशेतच्या धरणासाठी रस्ते झाले आणि त्यांच्यामागून कोळसेवाले आले. शेतकऱ्यांच्या मालकीच्या उतारांवरची झाडे कवडीमोलाने घेतली गेली, जागोजागी भट्ट्या लागल्या, कोळसा शहरात गेला. डोंगर उघडे पडले ते असे. गाडगीळांनी १९७९ च्या एका निबंधात डोंगर, धरणे आणि जंगले यांची ही साखळी मांडली आहे. माझ्या मते देवराईवरच्या निबंधांइतकाच तो महत्त्वाचा आहे आणि त्यामानाने फार कमी वाचला जातो. देवराईची गोष्ट सगळ्यांना आवडते, त्यात श्रद्धा आहे, सावली आहे. भट्टीच्या गोष्टीत कोणाचे तरी पैसे आहेत, म्हणून ती मागे पडते.

१९७३ साली गाडगीळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले आणि १९८३ साली तिथे परिसरविज्ञान केंद्र उभे राहिले. विज्ञानवर्धिनीतला त्यांचा काळ उणापुरा दोन वर्षांचा. पण इथे लागलेली सवय पुढे गेली. कर्नाटक सरकारने उत्तर कन्नडमधला बांबू का संपतो आहे हे पाहायला सांगितले, तेव्हा ते आणि त्यांचे विद्यार्थी एस. नरेंद्र प्रसाद बांबूच्या बेटांपाशी जाऊन बसले. कागद गिरणीला बांबू टनाला दीड रुपया दराने दिला जात होता, तर बुरुडाला तोच बाजारात शेकडो पटींनी महाग पडत होता. शिवाय खात्याच्या नियमाप्रमाणे बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी जाळे साफ केले जाई, म्हणजे बांबू जोमाने वाढेल. प्रत्यक्षात ते काटे म्हणजे कोवळ्या कोंबांचे कुंपण होते. काटे गेले, कोंब गुरांनी आणि वन्य प्राण्यांनी खाल्ले. गावकऱ्यांना हे माहीत होते. त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते.

इकडे पुण्यात वर्तकांनी आणि त्यांच्यानंतरच्या सहकाऱ्यांनी काम चालू ठेवले. रानातल्या औषधी, आदिवासींच्या खाण्यातल्या भाज्या-कंद, देवराईतली झाडे यांवर संस्थेतून सातत्याने लिहिले गेले. पुणे विद्यापीठाची पीएच.डी.साठी मान्यता असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या पिढ्या आल्या. पहिल्या पिढीचा प्रश्न ‘राईत काय आहे?’ असा होता, नंतरच्यांचा ‘किती आहे आणि टिकेल का?’ असा झाला.

त्यांची कामाची रीत अशी. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन सुतळीने आखायचा. त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, मोजायचा. झाडाला पाखासारखी आधारमुळे असतील तर त्यांच्या वर फीत गुंडाळायची, त्यासाठी एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर चढायचे. उतारावर असाल तर वरच्या बाजूने मोजायचे. वेली वेगळ्या मोजायच्या. मग त्याच चौकोनात मीटरभराचे छोटे चौकोन घेऊन रोपे मोजायची. खरी बातमी तिथे असते. वर बघून राई भरगच्च वाटते, पण खाली वाकून मोजले की कैक ठिकाणी वर असलेल्या झाडांची पिले खाली नसतात. गुरे शिरतात, पाचोळा झाडून काढला जातो, कडेने घाणेरी आणि रानमोडी आत सरकते. म्हाताऱ्यांचे गाव आणि एक पोर नाही, अशी अवस्था. म्हातारी झाडे उभी आहेत तोवर छायाचित्रात काही बिघडलेले दिसत नाही.

हे काम करताना विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत न मिळणारे शिक्षण मिळते ते परवानगीचे. वनखात्याचा कागद लागतोच, पण तो हातात असला म्हणून राईत शिरता येते असे नाही. गुरवाला, पाटलाला, मानकऱ्यांना भेटावे लागते. चपला बाहेर काढाव्या लागतात. कोकणात काही गावांत देवाला कौल लावतात आणि कौल उजवा आला तरच फांदीला हात लावता येतो. काही राया बायकांना वर्ज्य आहेत, मग संशोधक मुलगी असेल तर बाहेरच्या बाजूने जेवढे दिसेल तेवढेच तिच्या वहीत येते. ही उणीव जुन्या सूचींतही आहे. माहिती देणारे बहुतेक पुरुष, आणि त्यातही मानकरी. सरपण, कंद, रानभाजी यांसाठी रोज रानाच्या कडेला जाणाऱ्या बाईला राईची वेगळीच बाजू ठाऊक असते, आणि ती पुष्कळ दिवस नोंदली गेली नाही. श्रद्धेने राखलेल्या रानाचे कौतुक करताना त्या श्रद्धेत कोणाला आत घेतले जाते आणि कोणाला नाही, हेही लिहिले पाहिजे. आपल्याकडचे देवराईविषयीचे बरेच लेखन इथे डोळे मिटून घेते.

१९९० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या कामाला मोठे वळण मिळाले. गाडगीळांच्या पुढाकाराने पश्चिम घाटाच्या लांबीभर कॉलेजांतले प्राध्यापक आणि पदवीचे विद्यार्थी यांचे जाळे विणले गेले, आपापल्या परिसरातल्या वनस्पती, पक्षी, फुलपाखरे एकाच पद्धतीने नोंदवायची म्हणून. ‘करंट सायन्स’मध्ये १९९६ साली या प्रयोगाचा वृत्तांत आला. बी.एस्सी.च्या पोरांनी गोळा केलेल्या माहितीवर विसंबायचे कसे, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. त्याला उत्तर एकच : ज्याची ओळख पटली नाही त्याचा नमुना आणा आणि तज्ज्ञाला दाखवा. म्हणजे फिरून हर्बेरियमच. जिथे प्राध्यापकाला स्वतःला हौस होती तिथे काम उत्तम झाले. जिथे ते वरून आलेले काम होते तिथे वह्या भरल्या, एवढेच. पण आज पश्चिम महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून जैवविविधतेचे जे विषय शिकवले जातात त्यांची मशागत या काळात झाली.

देवराई म्हणजे नुसती झाडे नव्हेत. आत वीरगळ असतात, सतीशिळा असतात, लाकडाचे आणि दगडाचे झिजलेले देव असतात. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी त्यांच्यावर बॅग टेकवतो आणि इतिहासाचा विद्यार्थी शेजारचे झाड ओळखत नाही. अलीकडे जीर्णोद्धाराची लाट आहे. उघड्यावरच्या तांदळ्याला आधी पत्रा येतो, मग स्लॅब, मग फरशी, मग भंडाऱ्याला जागा हवी म्हणून पुढचे अंगण. त्यात वीरगळ पायात जातात आणि झाडे ‘अडचण होते’ म्हणून. गावकऱ्यांची भक्ती खोटी नसते. उलट मुंबईहून पैसे पाठवणाऱ्या चाकरमान्याला देवासाठी काहीतरी पक्के करायचे असते. जुन्या व्यवस्थेत रान हेच देवाचे वैभव होते, नव्या व्यवस्थेत इमारत झाले. कार्य आयोजनेच्या कुऱ्हाडीतून वाचलेल्या राया मंदिराच्या कळसापायी जाताना पाहिल्या की संरक्षणाचा प्रश्न नुसता कायद्याचा नाही हे पटते.

कायदे मात्र आले. २००२ च्या जैवविविधता कायद्यात वारसा स्थळे जाहीर करण्याची तरतूद आहे. २०१४ साली गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जुन्या जंगलाला तो दर्जा मिळाला. २०२१ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथल्या रानजायफळांच्या दलदलीला मिळाला. रानजायफळाची झाडे पाण्यात उभी राहतात आणि श्वास घ्यायला गुडघ्यासारखी मुळे चिखलाबाहेर काढतात. केरळ-कर्नाटकात अशा दलदली आहेत, गोव्यात सत्तरीत आहे. महाराष्ट्रातली ही जागा संशोधकांच्या नजरेला आली ती अगदी अलीकडे, आणि तोवर टिकली ती देवाच्या नावावर राखली गेल्यामुळे. वर्तक-गाडगीळांनी मांडलेला मुद्दा, की देवराईत अजून न पाहिलेले बरेच आहे, तो असा खरा ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनावर अधिकार दिला, पण सातबारावर कुठे देवाचे नाव, कुठे सरकारचे, कुठे खासगी मालकाचे, अशा अवस्थेत देवराईचा दावा कोणी आणि कसा करायचा याचा घोळ मिटलेला नाही.

संस्थेच्या रानवाटेतला ताजा टप्पा राईबाहेरचा आहे. २०२४ साली संस्थेतले मंदार दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळेगाव दाभाड्याजवळच्या माळावरून ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’ ही नवी जात नोंदवली. पुण्याहून लोकलने जाता येईल इतक्या जवळ. ही वनस्पती वर्षातून दोनदा फुलते : एकदा पावसाळ्यानंतर, आणि दुसऱ्यांदा उन्हाळ्यात, माळाला वणवा लागून गेल्यावर. आगीत वरचा भाग जळतो, जमिनीतले लाकडी खोड जिवंत राहते आणि त्यातून बोटभर उंचीचे खुजे कोंब फुले घेऊनच वर येतात. आगीशी इतकी जुळवून घेतलेली वनस्पती सांगते की हा माळ जंगल तोडून उरलेली पडीक जमीन नाही, तो पूर्वापार माळच आहे. दर पावसाळ्यात अशाच माळांवर खड्डे पाडून वृक्षलागवडीचे फोटो निघतात. राखायचे रान म्हणजे नेहमी झाडीच, हा समज देवराईच्या लोकप्रियतेने थोडा पक्का केला, आणि तो खोडून काढण्याचे काम त्याच संस्थेच्या संशोधकांकडून झाले, हे मला संस्थेच्या तब्येतीचे चांगले लक्षण वाटते.

वर्तक-गाडगीळांच्या सूचीतल्या गावांची नावे छापील आहेत. त्यातल्या कुठल्या राया आज आहेत, कुठल्या आक्रसल्या, कुठल्या गेल्या, हे एकेक गाव घेऊन पाहण्याजोगे काम आहे, आणि त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना म्हणून विनंती आहे. एम.एस्सी.च्या प्रत्येक तुकडीला जवळची एक राई द्या. जुन्या नोंदीशी ताडून पाहू द्या. बुंध्यांबरोबर रोपे मोजायला लावा. वीरगळांची नोंदही त्याच वहीत घ्या. गोळा केलेल्या नमुन्यांचा एक संच मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा करा, आणि प्रबंधाची एक प्रत, मराठीत सारांश जोडून, त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे पोचवा.